ब्रुसेल्सच्या पाट्या

निवृत्तीनंतर सौभाग्यवतींसह ब्रुसेल्स पाहण्याचा योग आला. १६९५ साली फ्रेंच तोफांनी उद्ध्वस्त झालेला तेथील ‘ग्रां प्लास’ चौक नागरिकांनी काही वर्षांतच पुन्हा उभारला. कारागीर-संघांच्या त्या नक्षीदार इमारतींवरून नजर हलत नाही. त्या परिसराची खास बिअर म्हणजे लांबिक. तिच्यात यीस्ट घालत नाहीत; आंबोळीच्या पिठाप्रमाणे ती आपोआप आंबते. मला तिचा आंबटपणा रुचला; सौभाग्यवतींनी मात्र चेरीच्या ‘क्रीक’चा एकच घोट घेऊन ‘आपले कोकम सरबत बरे’ असा निर्वाळा दिला.

मनात घर केले ते रस्त्यांच्या पाट्यांनी. प्रत्येक नाव फ्रेंच आणि डच अशा दोन्ही भाषांत! भाषेचे तंटे तेथेही कमी नाहीत. १९६८ च्या संघर्षानंतर लूव्हेनचे प्राचीन विद्यापीठ दुभंगले. ग्रंथसुद्धा सम-विषम क्रमांकांनी वाटले गेले. तरीही राजधानीच्या पाटीवर दोघींना जागा आहे.

उभी हयात मी कचेरीत कन्नड टिपणे लिहिली आणि कॅम्पातल्या घरी मराठी वाचली. दोघींचेही ऋण मानतो. १९५६ पासूनच्या सीमाप्रश्नाचा निकाल लागायचा तेव्हा लागो. पाटीवर मराठीची एक ओळ लिहिण्यासाठी त्याची वाट पाहण्याचे कारण नाही.