तेल गेलं कुठं?

फुजैरात राहणाऱ्याला डोंगर चुकत नाही. समोर ओमानचं आखात, पाठीशी हजर पर्वत. ऑफिसच्या कामाला दुबई गाठायची असो की विमानतळावरून पाहुणे आणायचे असोत, डोंगर ओलांडावाच लागतो. २०११ मध्ये शेख खलिफा महामार्ग सुरू झाला आणि मसाफीवरचा जुना वळसा टळला. रस्ता गुळगुळीत झाला, पण उतार तो उतारच. आपल्याकडे खंबाटकी उतरताना ड्रायव्हर आपोआप सावध होतो. इथे रस्ता इतका चांगला की ब्रेकची आठवणही येत नाही.

यंदा मार्चमध्ये आमच्या नऊ वर्षं जुन्या गाडीचा ब्रेकचा लाल दिवा वळणावर लागायला लागला. गाडी सरळ झाली की विझायचा. हातब्रेक तर पूर्ण खाली होता. हे आधी बायकोच्या लक्षात आलं. जवळच्या गॅरेजात गेलो. तिथल्या पोराने बॉनेट उघडलं, डबीत ब्रेक ऑइल ओतलं आणि ‘खलास, साब’ म्हणून मोकळा झाला. दिवा बंद झाला.

तेव्हा आई-बाबा व्हिजिट व्हिसावर आमच्याकडे आले होते. बाबा एसटीच्या आगारात एकतीस वर्षं मेकॅनिक होते. इथे आल्यापासून बाल्कनीत बसून ते खालच्या गाड्या मोजायचे. मी संध्याकाळी दिव्याची गोष्ट सांगितली, तर त्यांनी एवढंच विचारलं, “भरलं ते ठीक. पण आधीचं तेल गेलं कुठं?”

या प्रश्नातच सगळं आलं. ब्रेक ऑइल पेट्रोलसारखं जळत नाही. पायाचा दाब मास्टर सिलिंडरमधून बारीक नळ्यांवाटे चारही चाकांपर्यंत पोचवणं एवढंच त्याचं काम. पॅड झिजले की डबीतली पातळी थोडी उतरते, पण ती हळूहळू, काही महिन्यांत. भराभर उतरली तर ते बाहेर पडतंय, हे नक्की. कमी झालेलं तेल वळणावर डबीत एका बाजूला कलतं, म्हणून दिवा तिथेच लागतो. वरून भर घातली की दिवा विझतो, गळती तशीच राहते.

बाबा पार्किंगमध्ये उतरले. गाडी सुरू करून ब्रेक दाबून धरला आणि तीसपर्यंत आकडे मोजले. पेडल सावकाश खाली जात राहिलं. “दाब टिकत नाही,” ते म्हणाले. मग लोणच्याच्या बरण्या आल्या होत्या त्या खोक्याचे चार पुठ्ठे कापून चारही चाकांखाली सरकवले आणि गाडीला रात्रभर हात लावू दिला नाही.

इथे गाडीखाली ओल दिसली की आपण एसीचं पाणी म्हणून सोडून देतो. बहुतेक वेळा ते खरंही असतं. पण एसीचं पाणी सुकून जातं, ब्रेक ऑइलचा डाग राहतो. बोटांत चोळलं तर निसरडं लागतं. थेंबभर पाण्यात टाकलं तर मिसळून जातं, इंजिन ऑइल मात्र वर तरंगतं. सकाळी मागच्या डाव्या चाकाखालच्या पुठ्ठ्यावर रुपयाएवढा पिवळसर डाग होता. टायरची आतली बाजूही ओलसर होती.

“आता ही चालवायची नाही,” बाबा म्हणाले. सनैया जेमतेम चार किलोमीटरवर, तरी रिकव्हरी बोलावली.

तिथल्या केरळच्या उस्तादाने ड्रम काढला. चाकातल्या छोट्या सिलिंडरचं रबर फाटलं होतं, ब्रेक शू तेलाने भिजले होते. तो म्हणाला, नुसतं रबर बदलतो. बाबांनी सिलिंडरच्या आतून नख फिरवलं आणि त्याला दाखवलं. आत गंजाचे बारीक खड्डे होते. त्या खड्ड्यांवर नवं रबर किती दिवस टिकणार? बाबांची हिंदी साताऱ्याची, त्याची मलबारी, पण त्या नखापुढे दोघांना भाषा लागली नाही. दोन्ही मागच्या चाकांचे सिलिंडर आणि शू नवे बसले. तेल प्यायलेला शू पुसून पुन्हा वापरायचा नाही, हेही तेव्हा कळलं.

मग नळ्यांतली हवा काढणं. तेल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते. बुडबुडा राहिला तर पेडल स्पंजासारखं लागतं. या कामाला दोन माणसं लागतात. आमचा सोळा वर्षांचा मुलगा पेडलवर बसला, बाबा चाकापाशी. “दाब. धर. सोड.” निपल्यातून बुडबुडे येणं थांबेपर्यंत हेच चालू होतं. एरवी कानातून इअरफोन न काढणारा मुलगा आजोबांच्या एकेका शब्दावर पाय हलवत होता. दोन महिन्यांत ते दोघं एवढे बोलले नव्हते.

हा गंज कुठून आला? ब्रेक ऑइल नावाला ऑइल, ते हवेतला दमटपणा शोषून घेतं. डॉट ३ प्रतीचं ताजं तेल निदान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी मुरलं की ही हद्द १४० पर्यंत खाली येऊ शकते. तेच पाणी सिलिंडर आतून खातं. फुजैराच्या समुद्राकाठच्या हवेत हे विसरून चालणार नाही. म्हणून साधारण दर दोन वर्षांनी सगळं तेल बदलावं, डबीच्या झाकणावर लिहिलेल्याच प्रतीचं घालावं आणि अर्धी उरलेली जुनी बाटली वापरू नये. रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवावं, ते रंग खातं.

वर्षातून एकदा पासिंग होतं, पण त्या दिवशी पास झालेली गाडी पुढे वर्षभर ठीक राहील, याची हमी कोण देणार? महिन्यातून एकदा सकाळी गाडी थंड असताना डबीवरच्या दोन रेघा बघा. पातळी उतरली असेल तर बाटली उघडण्याआधी चाकांच्या आतल्या बाजू बघा. पेडल नेहमीपेक्षा खाली गेलं तर डोंगराच्या वाटेला लागूच नका. रिकव्हरीला शे-दोनशे दिरहम गेले तर गेले.

बाबा जूनमध्ये परत गेले. आता दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी मुलगा स्वतःहून खाली जातो आणि डबीचा फोटो काढून आजोबांना पाठवतो. त्यांचं उत्तर ठरलेलं असतं: “टायरच्या आतून बघितलंस का?”