जिंकल्यानंतरचं वर्ष

निवडणुकीच्या रात्री जिंकलेल्या संस्थेत सगळ्यांत आधी काय संपत असेल, तर पैसा. टाळ्या, गळाभेटी, टीव्हीवर वर चढणारे आकडे हे सगळं चालू असताना घरोघर फिरलेल्या पोरांचे करार त्याच मध्यरात्री संपत असतात. भाड्याच्या गाड्या सकाळी परत करायच्या असतात. आणि ज्या देणगीदारांनी मोहिमेसाठी हात सैल सोडला, त्यांच्या लेखी काम फत्ते झालेलं असतं.

मी अशाच एका संस्थेत उपसंचालक आहे. फ्लोरिडातली ही लहानशी संस्था वांशिक न्यायासाठी कायदे आणि धोरणं बदलून घेण्याचं काम करते. आमच्या संचालक कृष्णवर्णीय आहेत, चर्चमध्ये वाढलेल्या. त्या बोलायला उभ्या राहिल्या की सभागृह त्यांचं होतं. माझ्याकडे पैसा, माणसं आणि कायद्याच्या चौकटी. नागपूरहून आलेल्या बाईच्या हाती हे खातं कसं काय, असं इथली मराठी मंडळी कधीकधी विचारतात. हिशोब येतो म्हणून, असं मी सांगते. ते थट्टेवारी नेतात, पण खरं तेच आहे.

या क्षेत्रातलं नेतृत्व म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर मोर्चा, भाषण आणि कॅमेरा येतो. तेही लागतंच. पण इतकी वर्षं आतून पाहिल्यावर माझं मत पक्कं झालं आहे. जिंकल्यानंतरच्या वर्षाची तरतूद जिंकायच्या आधी करून ठेवतो, तो खरा नेता. हे मत बनलं ते घटनादुरुस्ती क्रमांक ४ मुळे.

फ्लोरिडात फेलनी म्हणजे गंभीर गुन्ह्याची शिक्षा झाली की मतदानाचा हक्क जन्मभरासाठी जायचा. या तरतुदीची मुळं १८६८ च्या राज्यघटनेत. यादवी युद्ध संपून कृष्णवर्णीयांना मत मिळू लागलं तो हा काळ, त्यामुळे हेतू फार शोधावा लागत नाही. हक्क परत हवा असेल तर राजधानी टॅलाहासीला जाऊन राज्याचे गव्हर्नर आणि मंत्रिमंडळातले तिघे अशा चौघांपुढे उभं राहायचं. त्यांनी दया दाखवली तर दाखवली. २०१६ च्या सुमारास राज्यातल्या दर पाच कृष्णवर्णीय प्रौढांपैकी एकाला मत नव्हतं. हे बदलण्यासाठी ही दुरुस्ती लोकांसमोर नेणाऱ्या संघटनेचे प्रमुख डेस्मंड मीड स्वतः तुरुंगात जाऊन आलेले, बेघर झालेले आणि नंतर कायद्याची पदवी घेतलेले. आमच्यासारख्या अनेक छोट्या संस्था त्यांच्या मागे उभ्या होत्या.

६ नोव्हेंबर २०१८ ला दुरुस्ती मंजूर झाली. ६० टक्के मतं लागत होती, साडेचौसष्टच्या आसपास मिळाली. त्याच दिवशी गव्हर्नरची निवडणूक जेमतेम ३२ हजारांच्या फरकाने लागली. आमच्या बाजूला पडलेली मतं त्या दोन्ही उमेदवारांपैकी कोणाहीपेक्षा दहा लाखांहून जास्त होती. म्हणजे पक्ष बाजूला ठेवून लोकांनी हो म्हटलं.

ते 'हो' मिळवण्यासाठी एक किंमत मोजावी लागली होती आणि त्यावर आमच्या कार्यालयात चांगलीच खडाजंगी झाली होती. मोहिमेच्या साहित्यात वंश हा विषय जवळजवळ नव्हता. 'दुसरी संधी' होती, 'कर्ज फेडलेला माणूस' होता, फोटोत सगळ्या रंगांचे चेहरे होते. आणि त्यात खोटंही काही नव्हतं. प्रमाणात पाहिलं तर मार कृष्णवर्णीयांना सर्वांत जास्त, पण डोकी मोजली तर मत गमावलेल्यांत कृष्णवर्णीय नसलेलेच अधिक होते. एका तरुण कार्यकर्त्याने भर बैठकीत विचारलं, "मग आपण कुठल्या तोंडाने स्वतःला वांशिक न्यायाची संस्था म्हणवतो?" संचालकांनी त्याला गप्प केलं नाही. दारावर कोणते शब्द वापरायचे ते मोहीम ठरवेल, पण आपल्या कार्यकर्त्यांच्या प्रशिक्षणाची सुरुवात १८६८ पासूनच होईल, असं त्यांनी ठरवून टाकलं. बाहेर काय बोलायचं यावर तडजोड करताना आत काय विसरायचं नाही हे सांगणारं कोणीतरी लागतं. नाहीतर मोहीम संपेपर्यंत संस्थेलाच आपण कशासाठी निघालो होतो याचा विसर पडतो.

दुसरी शिस्त कागदांची. अमेरिकेच्या करकायद्यानुसार आमच्यासारख्या संस्था बहुधा दोन खात्यांत काम करतात. ५०१(सी)(३) मध्ये देणगीदाराला करसवलत मिळते. तिथे कायद्यासाठी लॉबिंग मर्यादेत करता येतं, पण उमेदवाराच्या बाजूने किंवा विरोधात अवाक्षर काढायचं नाही. ५०१(सी)(४) ला लॉबिंगची मोकळीक असते आणि उमेदवाराला पाठिंबाही चालतो, फक्त तेच मुख्य काम असता कामा नये. मात्र तिथल्या देणगीवर करसवलत नाही. दोन बोर्डं, दोन बँकखाती, आणि माणसं बहुतेक तीच. त्यामुळे प्रत्येकाच्या टाइमशीटला पाव-पाव तासाचे रकाने. मंगळवारी सकाळी सव्वादोन तास घटनादुरुस्ती, ते लॉबिंगमध्ये. दुपारी पाऊण तास मतदार नोंदणी, ते शिक्षणकार्यात. मधल्या प्रवासाची विभागणी वेगळी. दारात उभ्या असलेल्या पोराला आजीबाई विचारतात, "आणि बाळा, गव्हर्नरला कोणाला देऊ?" त्याच्या ओठांवर नाव आलेलं असतं. ते गिळून त्याने मतदान केंद्राचा पत्ता सांगायचा.

तरुणांना हा कारकुनी जाच वाटतो. पण आमच्या विरोधकांना आमचं म्हणणं खोडून काढायची गरज नसते. एक चुकीचं टाइमशीट सापडलं तरी त्यांचं काम भागतं. रागावलेल्या माणसांकडून रकाने भरून घेणं हाही नेतृत्वाचाच भाग आहे, आणि तो बिनटाळ्यांचा आहे.

आता जिंकल्यानंतरचं वर्ष. दुरुस्तीचे शब्द होते की, काही गुन्हे वगळता, पॅरोल आणि प्रोबेशनसकट शिक्षेच्या सर्व अटी पूर्ण झाल्या की मत परत. दंड आणि कोर्टाच्या फीचं काय? शब्दांत उल्लेख नव्हता. २०१७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात मजकुराची छाननी झाली तेव्हा पुरस्कर्त्यांच्या वकिलाने दंडही त्यात धरला जाईल असं उत्तर दिलं होतं. त्या दिवशी अडथळा पार करायचा होता, तो झाला. पण विधिमंडळाने तेच उत्तर जपून ठेवलं आणि जून २०१९ मध्ये नवा कायदा आला. शिक्षेत लावलेला दंड, फी, भरपाई, सगळं फेडल्याशिवाय मत नाही. पुढे खटल्यात एका प्राध्यापकाने मांडलेल्या अभ्यासानुसार पावणेआठ लाखांच्या आसपास लोक शिक्षा संपूनही निव्वळ थकबाकीमुळे अडकले होते. मे २०२० मध्ये संघीय न्यायाधीशांनी कायद्याचा बराच भाग रद्द केला. सप्टेंबरमध्ये वरच्या न्यायालयाने तो निकाल सहा विरुद्ध चार मतांनी फिरवला.

कागदावर हे चार ओळींत संपतं. खिडकीवर ते कसं दिसतं ते सांगते. साठीचा एक गृहस्थ, आयुष्यभर घरांची छपरं घालणारा, किराणा दुकानाची प्लास्टिकची पिशवी घेऊन आला. पिशवीत नव्वदच्या दशकातल्या दोन प्रकरणांचे कागद, दोन वेगळ्या काउंटींतले. मी त्याच्याबरोबर कोर्टाच्या क्लार्ककडे गेले. संगणकावर एक आकडा. त्याच्या पिशवीतल्या वसुली कंपनीच्या पत्रावर दुसरा, कारण वसुलीला दिलेल्या रकमेवर कंपनी ४० टक्क्यांपर्यंत आकार लावू शकते. त्या रकमेत, परवडत नाही म्हणून सरकारी खर्चाने वकील मिळावा यासाठी केलेल्या अर्जाची फीही होती. दुसऱ्या काउंटीची जुनी नोंद मायक्रोफिल्मवर, पुढच्या आठवड्यात या. राज्यात ६७ काउंटी, आणि कोणाची किती थकबाकी हे एका जागी सांगणारी यादी नाही. खिडकीतल्या बाई वाईट नव्हत्या, त्यांनाही ठाऊक नव्हतं. तो शांतपणे म्हणाला, "पैसे भरायला मी तयार आहे. किती भरायचे ते कोणीतरी सांगा." आणि अंदाजाने नोंदणी करावी तर फॉर्मवरची सही शपथेवर असते. ती खोटी ठरली तर पुन्हा फेलनीचा धोका. २०२२ च्या ऑगस्टमध्ये अशा मतदानाच्या आरोपावरून २० जणांना पकडल्याचं गव्हर्नरनी पत्रकार परिषद घेऊन जाहीर केलं. ते दुरुस्तीतून वगळलेल्या गुन्ह्यांतले होते, तरी त्यांतल्या अनेकांना मतदार कार्ड सरकारी कार्यालयानेच दिलं होतं. पकडले वीस, पण ज्यांना पूर्ण हक्क होता असे कितीतरी त्यानंतर नोंदणीच्या टेबलाजवळ थांबेनासे झाले.

या दिवसांत मला महाड वेगळं दिसायला लागलं. आमच्या घरी महाडचा सत्याग्रह म्हणजे २० मार्च १९२७, बाबासाहेबांनी ओंजळीत घेतलेलं पाणी. लहानपणी आम्ही तेवढंच ऐकलं. पण हक्काचा ठराव तर आधीच झाला होता. रावबहादूर बोले यांनी १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळात सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा ठराव मंजूर करून घेतला आणि महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तळं खुलं केल्याचं जाहीरही केलं. कागदावर विजय झाला होता, पाणी मिळत नव्हतं. सत्याग्रह झाला तो त्या कागदाच्या अंमलबजावणीसाठी. त्यानंतर सनातन्यांनी तळं 'शुद्ध' केलं, नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला, दिवाणी दावा उभा राहिला, आणि मुंबई उच्च न्यायालयाचा अंतिम निकाल लागायला १९३७ उजाडलं. त्या दहा वर्षांत गोलमेज परिषदा झाल्या, पुणे करार झाला, आणि तरीही एका गावच्या तळ्याचा दावा कोणीतरी तारखेमागून तारीख चालवत ठेवला. बाबासाहेबांच्या नेतृत्वाचं हे अंग पुतळ्यात मावत नाही. आमच्या धंद्यात तेच शिकण्यासारखं आहे.

अमेरिकेत या कामाची मुदत अशीच लांब असते. लिंचिंगविरोधी विधेयक एनएएसीपी या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेच्या पाठपुराव्याने जानेवारी १९२२ मध्ये प्रतिनिधीगृहात मंजूर झालं आणि सिनेटमध्ये अडलं. लिंचिंगविरोधी संघीय कायदा झाला तो मार्च २०२२ मध्ये, लिंचिंगचा बळी ठरलेल्या एमेट टिल या मुलाच्या नावाने. त्याच एनएएसीपीच्या शाखांचं काम चाळीसच्या दशकात एला बेकर बघत. दक्षिणेतल्या गावोगावी जाऊन त्या सभासद जोडत आणि स्थानिक माणसांतून कार्यकर्ते घडवत. एकाच मोठ्या नेत्याभोवती चळवळ फिरू नये, असं त्यांचं ठाम मत होतं. मला त्यात तत्त्वाइतकाच व्यवहारही दिसतो. नेता दुसऱ्या शहरात गेला तरी क्लार्कच्या खिडकीशी जाणारा माणूस त्याच काउंटीतला असावा लागतो.

देणग्यांना मात्र इतका दम नसतो. २०२० मध्ये जॉर्ज फ्लॉइडच्या हत्येनंतर वांशिक न्यायाच्या संस्थांकडे पैशांचा पूर आला. आमच्याकडेही ज्यांच्याशी कधी बोलणं नव्हतं अशांचे धनादेश आले. बहुतेक ग्रँट एका वर्षाच्या, आणि सगळ्यांची अपेक्षा माणसं ताबडतोब नेमा. संचालक आणि मी त्यातला मोठा वाटा राखीव टाकला. बोर्डावर कुरबुर झाली. रस्त्यावर लोक असताना बँकेत पैसे कसले ठेवता, हा प्रश्न गैर नव्हता. पुढे पूर ओसरला, मोठमोठ्या संस्थांत कपात झाली. आम्ही त्या राखीव पैशांतून थकबाकी शोधून देणाऱ्या मदतनीसांचे पगार दिले. ते अजून खिडक्यांवर जातात.

मध्यंतरी एका शहरातली मंडळी आमच्याकडे आली. पोलिसांवर नागरिकांची देखरेख असावी यासाठी स्थानिक सार्वमत घ्यायचं होतं. मागणी रास्त, माणसं तयारीची, आणि एक देणगीदार मतदानाच्या दिवसापर्यंतचा खर्च उचलायला राजी. आम्ही पुढच्या दोन वर्षांचे पैसे मागितले. ते म्हणाले, आधी जिंकून तर दाखवा. आम्ही नाही म्हटलं. त्या मंडळींतल्या एक ज्येष्ठ बाई निघताना म्हणाल्या, "तुम्ही आता हिशोबनीस झालात." त्यांचा राग मला पटतो, आणि त्या नकाराची किंमत त्यांच्याच मोहल्ल्याने मोजली हेही मला कळतं.

तरी पुढच्या वेळीही आम्ही तोच प्रश्न विचारू. २०१९ चा तो कायदा लिहिणारी मंडळी दर वर्षी साठ दिवसांच्या नियमित अधिवेशनाला टॅलाहासीत जमतात. त्यांच्याकडे कचेरी असते, मदतीला माणसं असतात, मसुदे करणारे वकील असतात. हरले तरी पुढच्या वर्षी ते तिथेच असतात, आणि त्याचा खर्च सरकारी तिजोरीतून होतो. आम्हाला तिथे असायचं असेल, तर त्याचा हिशोब आम्हालाच आधी करून ठेवायला हवा.