मनीची दुधाची वाटी

मांजर डोळे मिटून दूध पितं, असं आपण म्हणतो. पण म्हाताऱ्या मनीला दूध पाजताना डोळे मिटले होते ते माणसांचेच, हे डोंबिवलीच्या त्या घरातल्या आजींना कळायला पंधरा वर्षं लागली.

मनी भर पावसात जिन्याखाली सापडली, तेव्हा तळहातावर मावत होती. तेव्हापासून सकाळी दूध तापलं की पहिली वाटी तिची, आजींचा चहा त्यानंतर. घर शाकाहारी, म्हणून दूधभात हाच तिचा आहार. बाकीची सोय ती मासळी आणणाऱ्या शेजाऱ्यांकडे करून येई. अलीकडे मात्र जिना चढणं जमेनासं झालं आणि ते जाणंही बंद पडलं होतं.

एका सकाळी मनीनं मातीच्या घमेल्याऐवजी मोरीच्या कोपऱ्यात घाण केली. "म्हातारी झाली, दुसरं काय!" असं म्हणत सूनबाईंनी फरशी धुतली. दुपारी पुन्हा तेच. रात्री उलटीही झाली. मग घरात जो तो डॉक्टर झाला.

"पोटात काही राहत नाही बिचारीच्या, दूध तरी घेऊ दे," असं म्हणून आजींनी वाटी भरली. जुलाब वाढले. तेव्हा त्यांनीच फर्मान काढलं, "आता लंघन. दोन दिवस काही देऊ नका." मुलाच्या हाताला मनीचं अंग गरम लागलं, म्हणून तो तापाची पाव गोळी कुटायला बसला. नातवानं ती त्याच्यापुढून उचलून घेतली. "बाबा, आधी डॉक्टरांना विचारू या."

प्राण्यांच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण बोलणं रोखठोक. "मांजराचं अंग आपल्यापेक्षा गरमच असतं. आणि ती पॅरासिटामॉलची गोळी पोटात गेली असती, तर मनी कदाचित वाचली नसती. मांजराच्या शरीराला ते औषध पचवता येत नाही."

आजी गप्प झाल्या. डॉक्टरीणबाईंनी मनीच्या हिरड्यांवरून बोट फिरवलं. त्या चिकट लागत होत्या, म्हणजे अंगातलं पाणी कमी झालं होतं. कातडीखाली सलाईन देता देता त्या समजावत होत्या. पिल्लाला आईचं दूध पचतं, पण मोठ्या झालेल्या बहुतेक मांजरांची दुधातली साखर पचवण्याची ताकद कमी होते. मनीनं इतकी वर्षं कसंबसं निभावून नेलं. लंघन माणसाला मानवत असेल, पण मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर यकृतात चरबी साठून जिवावर बेतू शकतं. शिवाय या वयात जुलाब-उलट्यांमागे मूत्रपिंड किंवा थायरॉइडचं दुखणंही असू शकतं, म्हणून रक्त तपासायला हवं.

"पण तिनं काही दाखवलंच नाही हो," आजी म्हणाल्या.

"मांजरं दुखणं लपवतात, आजी. घमेलं चुकणं, वजन उतरणं, एका जागी बसून राहणं, एवढंच ती सांगतात."

तपासणीत मूत्रपिंडं थकू लागल्याचं निघालं. औषधं मिळाली. चार दिवस मीठ-मसाला, कांदा-लसूण काही न घालता उकडलेली बिनहाडाची कोंबडी, थोडी थोडी, दिवसातून चार-पाच वेळा. मग मूत्रपिंडाच्या त्रासासाठी मिळणारं मांजरांचं खाणं. पाण्याच्या वाट्या घरात तीन ठिकाणी. दूध बंद.

कोंबडीचं नाव निघताच सूनबाईंनी सासूबाईंकडे पाहिलं. त्या घरात अंडंसुद्धा कधी आलं नव्हतं. रिक्षात कोणी बोललं नाही. घरी आल्यावर आजींनी माळ्यावरून जुना स्टोव्ह आणि एक पातेलं काढायला सांगितलं. "गॅलरीत शिजव. तिचा धर्म वेगळा, आपला वेगळा. आपल्या धर्मासाठी तिनं का मरावं?"

तिसऱ्या दिवशी मनी आपल्या पायांनी घमेल्यापर्यंत गेली. सूनबाईंनी ते पाहिलं आणि स्वयंपाकघरातूनच ओरडून सगळ्यांना सांगितलं. एरवी अशी बातमी कोणी आनंदानं सांगितली नसती.

मनी पूर्ण बरी होणार नाही, हे घरातल्या सगळ्यांना माहीत आहे. दर महिन्याला नातू तिला पिशवीत घालून वजनकाट्यावर ठेवतो आणि आकडा कॅलेंडरवर लिहितो. सकाळी दूध तापलं की ती सवयीनं ओट्याखाली येऊन बसते. आजींचा हात वाटीकडे जातो, थांबतो, आणि पाण्याच्या भांड्याकडे वळतो.

आणखी एक गोष्ट बदलली. परवा आजींनी ताटातली अर्धी पोळी गुपचूप बाजूला सारली, तेव्हा सूनबाई पूर्वीसारख्या "वय झालं" म्हणून उठून गेल्या नाहीत. शेजारी बसून त्यांनी विचारलं, "आई, पोटात दुखतंय का? खरं सांगा."

आजींनी थोडा वेळ मनीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "हो गं. चार दिवस झाले."