चेटकीण व्हायचंय!

मागे एकदा नातीला घेऊन आमच्या पनवेलच्या फडके नाट्यगृहात 'अलबत्या गलबत्या' पाहिलं. रत्नाकर मतकरींचं हे बालनाट्य २०१८ साली नव्याने रंगभूमीवर आलं आणि वैभव मांगले त्यात चिंची चेटकीण झाले. पूर्वी ही भूमिका दिलीप प्रभावळकर करत. काय तो चिंचीचा ठसका! मुलं घाबरायचं सोडून तिच्याशीच गप्पा मारत होती.

परतताना नात म्हणाली, "आजी, मला चेटकीण व्हायचंय."

मी हसले, आणि मग गप्पच झाले.

लहानपणी आमच्या आळीत एक म्हातारी एकटी राहायची. आम्ही पोरं तिला चेटकीण म्हणायचो, कडी वाजवून पळायचो. त्यात मीही असे. तिने दिलेला खाऊ आईने कधी घेऊ दिला नाही. एखादीला करणी करणारी ठरवणं हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. आमचा तो खेळ होता. पुढे शाळेत मुलांना चांगलं वागायला शिकवलं, पण त्या म्हातारीची माफी मागायची राहूनच गेली.

नातीला म्हटलं, "हो की चेटकीण! फक्त दुसऱ्या कुणाला म्हणू नकोस."

"का गं?" तिने विचारलं. मग तिला ती म्हातारी सांगितली.