आव्यातला वारा

महाविद्यालयाच्या प्रवेश-अर्जात ‘वडिलांचा व्यवसाय’ ह्या रकान्यापुढे मी ‘शेती’ असे लिहिले होते. वास्तविक आम्ही कुंभार. गुंठाभरही शेत नाही. माझ्या आधी घरातले कोणी महाविद्यालयाची पायरी चढलेले नाही.

गेल्या पावसाळ्यात ग्रंथालयात एक पुस्तक चाळताना ‘ऑक्सिनायट्राइड’ हा अगडबंब शब्द भेटला. मी पडलो कला शाखेचा! पान उलटणार, तोच खाली ‘माती’ हा शब्द दिसला आणि मी थबकलो.

चिकणमातीत सिलिकॉन, ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजन असतात. पांढरी चिनी माती कोळशाच्या भुकटीत मिसळून नायट्रोजन वायूत १४०० अंश सेल्सिअसच्या वर तापवली, की कोळसा तिच्यातला बराच ऑक्सिजन ओढून नेतो आणि त्याच्या जागी नायट्रोजन शिरतो. हे झाले ‘सायलॉन’. १९७१-७२च्या सुमारास जपान व ब्रिटनमधील संशोधकांना हा पदार्थ स्वतंत्रपणे गवसला. तो इतका कठीण, की धातू कापणाऱ्या हत्यारांची टोके त्याची करतात. टँटलम धातूचे पांढरे ऑक्साइड अमोनियाच्या झोतात तापवले, तर ते पिवळे होते. नायट्रोजन आणखी शिरला, तर तांबडे. ह्या पिवळ्या भुकटीवर प्रकाश पाडून पाण्यातून हायड्रोजन मिळवण्याचे प्रयोग चालू आहेत.

दिवाळीच्या सुटीत आबा पणत्यांचा आवा रचत होते. मी मोठ्या ऐटीत हे सारे सांगितले. हातातले काम न थांबवता ते म्हणाले, “वाऱ्यानं रंग बदलतो, ह्यात नवं काय रं? आवा मोकळा ठिवला तर मडकं तांबडं, धूर कोंडला तर काळं.” मग क्षणभराने त्यांनी विचारले, “पण तो नायट्रोजन साध्या वाऱ्यातबी हाय म्हनतोस. मग आपल्या मडक्यात का शिरत न्हाई?”

मी निरुत्तर झालो. दोन वर्षांत वर्गात असा एकही प्रश्न मी विचारला नव्हता.

सुटी संपताच रसायनशास्त्राच्या सरांना गाठले. सर हसून म्हणाले, “ऑक्सिजन हजर असताना नायट्रोजनची डाळ शिजत नाही. शिवाय तुमच्या आव्याची आच तेवढी नसते. पण प्रश्न फक्कड आहे. कोणाचा?”

“माझ्या वडिलांचा. ते कुंभार आहेत,” मी म्हणालो.

महाविद्यालयात हे वाक्य मी पहिल्यांदाच उच्चारले. जानेवारीत शिष्यवृत्तीचा अर्ज भरला, तेव्हा त्या रकान्यापुढे ‘कुंभारकाम’ असे स्वच्छ अक्षरांत लिहिले.