काबर पयस?

नळ आले की आई पळायची. धुळ्याला देवपुरात आमचं घर होतं. पदर खोचलेला, कमरेवर कळशी, ओट्याच्या तीन पायऱ्या ती एका ढांगेत उतरायची. एसटी सुटायला लागली की वडील पळायचे, शाळेची घंटा झाली की आम्ही. पळायला कारण लागायचं. उगाच पळणारी पोर दिसली की आई ओरडायची, "पयू नको व, पडशी!" अहिराणीत 'ळ' नाही, त्यामुळे आमच्याकडे पळणंसुद्धा 'पयनं' होऊन जातं.

1984 साली मी चौथीत होते. लॉस एंजेलिसच्या ऑलिम्पिकमध्ये 400 मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत पी. टी. उषाचं पदक सेकंदाच्या शंभराव्या भागानं हुकलं. वडिलांनी पेपरातला तिचा फोटो कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. त्याच ऑलिम्पिकमध्ये बायकांना पहिल्यांदा मॅरेथॉन धावू दिली होती, हे मला फार उशिरा कळलं. पुरुष 1896 पासून धावत होते. 42 किलोमीटर बायकांच्या शरीराला झेपायचे नाहीत, असं मोठमोठी माणसं सांगायची. ते वाचलं तेव्हा मला आईची कळशी आठवली आणि राग आला. तो अजून गेलेला नाही.

शाळेत मी 100 मीटर पळायचे. क्रीडादिनाच्या आदल्या रात्री आई माझे कॅनव्हासचे बूट ओल्या खडूनं पांढरे करायची आणि सकाळी नाड्या काढून ओट्यावर उन्हात पालथे ठेवायची. सातवीनंतर ते थांबलं. कोणी बंदी घातली नाही, ओढणी आली एवढंच.

पुढची तीस वर्षं मी पळाले ती कारणानंच. लग्न होऊन जळगावला आले, नोकरी, मुलं, सासूबाईंचं आजारपण. चव्वेचाळिसाव्या वर्षी डॉक्टरांनी साखरेचा आकडा दाखवला आणि शेजारच्या वहिनी मला मेहरूण तलावावर घेऊन गेल्या. तिथं जळगाव रनर्सची मंडळी जमली होती. पहिल्या दिवशी एक मिनिट पळायचं, दोन मिनिटं चालायचं. चौथ्या मिनिटाला मी बाकावर बसले.

आमच्याकडे पळण्याची वेळ ऊन ठरवतं. मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो आणि सकाळी आठला डांबर बुटातून चटके देतं. म्हणून पावणेपाचला काव्यरत्नावली चौकात भेटायचं. रविवारच्या लाँग रनला कोणीतरी स्कूटरच्या हुकाला केळ्यांची फणी अडकवून मागून येतं. बाराव्या किलोमीटरला ते अर्धं सोललेलं केळ हातात पडतं तेव्हा त्याला जी चव असते, ती केळीच्या मुलखात एवढी वर्षं राहून मला माहीत नव्हती.

त्याच रस्त्यावर पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुली असतात. अंगात भावाचा टी-शर्ट, पायात उसवलेले बूट. 800 मीटरचे एकेक सेकंद त्या मोबाइलवर मोजतात. त्यांच्या पळण्यावर घर उभं राहणार असतं. एकीनं विचारलं, "काकू, तुम्ही कशाची तयारी करता?" मला पटकन उत्तर देता आलं नाही. पुढं खान्देश रनमध्ये दहा किलोमीटर धावले तेव्हाही तिचा प्रश्न डोक्यात होता.

मग साताऱ्याची हिल मॅरेथॉन ठरली. 21 किलोमीटर, त्यातला पहिला निम्मा यवतेश्वरच्या घाटाचा चढ. जळगाव सपाट, चढ आणायचा कुठून? मी माहेरी जाऊन लळिंगच्या वाटेला लागले. अंधारात किल्ल्याचा डोंगर दिसत नाही, मांड्यांना आधी कळतो. साताऱ्यात चढ निभावला. उतारावर मात्र, सोळाव्या किलोमीटरला, पोटरीत गोळा आला. आमच्या ग्रुपमधली एक जण स्वतःची वेळ सोडून थांबली. भर पावसात रस्त्याच्या कडेला बसून तिनं माझी पोटरी चोळली, जिभेवर मीठ ठेवलं. शेवटचे पाच किलोमीटर आम्ही बरोबर आलो. तिची वेळ त्या वर्षी वीस मिनिटांनी वाढली, पण त्याबद्दल ती कधी एक शब्द बोलली नाही.

गेल्या पावसाळ्यात लळिंगहून परतले तेव्हा आई ओट्यावर बसली होती. तिला आता काठी लागते. माझ्या बुटांना काळी माती थापलेली, धड चालताही येईना.

"काबर पयस व माय?" तिनं विचारलं. "नळ आले का?"

"नाही."

"मंग?"

"असंच."

ती बराच वेळ माझ्या पायांकडे बघत राहिली. मग हात पुढे करून बूट मागितले. काठीच्या टोकानं तळव्यांची माती खरवडली, नाड्या एकेका भोकातून ओढून काढल्या आणि दोन्ही बूट ओट्याच्या कडेला, जिथं ऊन आधी येतं तिथं, पालथे ठेवले.