हद्दीवरची ग्रामपंचायत

सोलापुराहून तुळजापूरकडे जाणारा महामार्ग हिप्परग्याचा तलाव आणि उळे-कासेगावचे शिवार मागे टाकून तामलवाडीच्या अलीकडे धाराशिव जिल्ह्यात प्रवेश करतो, आणि या प्रवेशाची जाणीव रस्त्याकडेच्या फलकावाचून प्रवाशाला कशानेही होत नाही. जमिनीचा पोत तोच, बोली तीच, बांधावरच्या बाभळीही त्याच. माझ्या ग्रामसेवकीची अखेरची वर्षे याच टापूतील एका ग्रामपंचायतीत गेली, आणि जी रेषा प्रवाशाच्या डोळ्यांना दिसत नाही ती गावकऱ्यांच्या प्रपंचात किती खोल रुतलेली आहे, हे मला तेथील दप्तर सांभाळताना कळले.

१९४८ च्या सप्टेंबरपर्यंत येथे दोन राजवटींची सरहद्द होती: अलीकडे मोगलाई, म्हणजे निजामाची रियासत, आणि पलीकडे १९४७ पर्यंत इंग्रजी अंमलाखालचा व त्यानंतर स्वतंत्र भारताचा मुलूख. रझाकारांच्या धामधुमीत जीव मुठीत धरून सोलापूरकडे गेलेल्या कुटुंबांच्या हकिकती येथील वृद्ध आपल्या आईबापांच्या शब्दांत अजून सांगतात, आणि १३ सप्टेंबरला भारतीय फौज सोलापुराहूनच नळदुर्गावर चालून गेली हेही अभिमानाने सांगतात. पुढे १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र झाला. तरी कुळाच्या हक्काचा प्रश्न निघाला की सोलापूरच्या शिवारात १९४८ चा मुंबई कुळकायदा उघडायचा आणि आमच्या शिवारात १९५० चा हैदराबादचा, हा भेद कायम राहिला. जुनी फेरफाराची वाट शोधू लागावे तर आमच्याकडे खासरा पत्रकापाशी येऊन थांबावे लागते, आणि त्यामागचा कागद बहुधा उर्दूत असतो. तो वाचून देणारा माणूस आता तालुक्याच्या गावीही सहजी मिळत नाही, आणि एखाद्या गरिबाचा न्याय्य हक्क केवळ लिपी न उमगल्यामुळे खोळंबून राहावा, याचे मला आजही मनस्वी दुःख होते.

घरपट्टी भरावयास आलेला एक वयोवृद्ध शेतकरी एकदा मला म्हणाला होता, ‘भाऊसाहेब, माझं समदं सोलापुरात हाय, नुसतं कागद तेवढं धाराशिवात हाय.’ त्याचा एक मुलगा सोलापुरात यंत्रमागावर कामाला होता, दूध आणि भाजी सोलापूरच्या बाजाराला जाई, सुनेचे बाळंतपण सोलापुरात झाले होते. मात्र दाखल्यासाठी त्याला तुळजापूरची तहसील गाठावी लागे, मोठ्या कामासाठी धाराशिवची कलेक्टर कचेरी, अपिलासाठी छत्रपती संभाजीनगरचे विभागीय आयुक्त आणि तेथलेच खंडपीठ. शेजारच्या कासेगावच्या माणसाचा विभाग मात्र पुण्याचा, आणि त्याची मुले सोलापूरच्या विद्यापीठाची, तर आमची मराठवाडा विद्यापीठाची. एवढेच काय, एकाच उकिरड्याला लागून उभ्या राहणाऱ्या दोन मोटारसायकलींपैकी एकीवर तेरा आणि दुसरीवर पंचवीस हा आकडा असतो.

शहर वाढते तेव्हा ते जिल्ह्याची हद्द विचारात घेत नाही. शेताचे तुकडे पाडून गुंठ्यांनी विकणारे येतात, परगावचे मजूर भाड्याने राहू लागतात, ढाबे आणि गोदामे उभी राहतात, आणि या सर्वांना पाणी, दिवाबत्ती, गटार व कचऱ्याची विल्हेवाट पुरविण्याचे दायित्व १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाने ज्या संस्थेवर टाकले आहे तिच्यापाशी एक लिपिक, एक शिपाई, एक पाणीपुरवठा कर्मचारी आणि नमुना आठची नोंदवही एवढाच सरंजाम असतो. नोंदवहीत नवे घर चढविताना, ते बिनशेती झालेल्या जमिनीवर आहे की नाही, हा प्रश्न मी दर वेळी विचारला, आणि उत्तर ऐकून पुष्कळदा दोन्ही पक्षांची अडचण माझ्या ध्यानी आली: घेणाऱ्याने आयुष्याची पुंजी घातलेली, विकणाऱ्याने मुलीचे लग्न उरकलेले.

या संस्थेची योग्यता मला सर्वांत प्रकर्षाने दिसली ती आश्विनी पौर्णिमेच्या आदल्या रात्री. दसऱ्याचे सीमोल्लंघन झाल्यावर तुळजाभवानी श्रमनिद्रा घेते आणि पौर्णिमेच्या पहाटे पुन्हा सिंहासनावर विराजमान होते. त्या दर्शनासाठी सोलापूरच नव्हे तर पलीकडच्या कर्नाटकातूनही लाखो माणसे पायी निघतात, महामार्गावरील वाहतूक वळविली जाते, आणि पंचेचाळीस किलोमीटरची ती वाट माणसांनी भरून वाहते. हद्दीचा विचार त्या रात्री कोणाच्याच मनात नसतो. आमच्या पंचायतीने टाक्या भरून ठेवलेल्या असत, तरुण मंडळांनी खिचडीच्या पातेल्यांखाली चुली पेटविलेल्या असत, आणि पायाला फोड आलेल्या गिरणी कामगाराच्या म्हाताऱ्या विधवेला ओसरीवर बसवून कोमट पाणी देणारी बाई तिला गाव किंवा जिल्हा विचारीत नसे. ‘मावशी, टेका जरा’ एवढेच म्हणे. शासनाचा कोणताही आदेश नसताना, वर्षभर घरपट्टीसाठी हुज्जत घालणारे हेच गाव परक्या नगरीचा हा भार एका रात्री उचलते, तेव्हा त्याला नागरी कारभार झेपणार नाही असे म्हणणाऱ्यांशी मी कधीच सहमत होऊ शकलो नाही.

पुण्यालगतची तेवीस गावे २०२१ साली महापालिकेत गेली. त्याआधी आणि नंतरही त्यांचे हाल झालेच, परंतु पुढील वाट कोठे जाते हे त्यांना ठाऊक तरी होते. आमच्या गावाला ती वाट नाही. सोलापूर महापालिकेची हद्द कितीही वाढली तरी जिल्हा आणि महसुली विभाग यांची भिंत मध्ये उभी आहे, आणि सोलापूर-तुळजापूर-धाराशिव लोहमार्ग झाल्यावर वस्ती अधिकच दाटेल हे सांगावयास ज्योतिषी नको. मग दोन्ही जिल्हा परिषदा आणि महापालिका यांनी एकत्र बसून या रस्त्याकाठच्या गावांचा पाणी, सांडपाणी आणि बांधकामे यांपुरता तरी एक समाईक आराखडा करावा, अशी मागणी माझ्या निवृत्तीपूर्वीच्या ग्रामसभेत एकमताने संमत झाली. ठराव मी स्वहस्ते इतिवृत्तात लिहिला. एक प्रत तुळजापूरच्या पंचायत समितीकडे रवाना केली. परंतु दोन्ही जिल्ह्यांचा एकत्रित विचार करील असे कार्यालयच अस्तित्वात नसल्याने, दुसऱ्या प्रतीच्या पाकिटावर कोणाचा हुद्दा घालावा हे सरपंचबाई आणि मी बराच वेळ विचार करूनही ठरवू शकलो नाही.